दोन ठोक्यांच्या मधे

हॅलेट्स कोव्ह, न्यूफाउंडलंड

प्रिय गिडियन,

तू येतोयस हे वाचून आनंद व्हायला हवा होता. पण 'अ‍ॅम्ब्रोजला आता सोडत नाही' ही ओळ वाचली आणि शेगडीवरची किटली आटून गेली तरी मी तशीच बसून होते. टोरांटोला जाताना तुझ्या बाबांची सीलच्या शिकारीची बंदूक उचललीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

इकडे कॉड मासा बरा मिळतोय. शेजारची ड्रुसिला अजून माझ्या काकवीच्या पावाला नावं ठेवते आणि दोन तुकडे जास्त खाते. चर्चची घंटा माझ्याकडेच आहे. धुकं उतरलं की होड्यांना किनारा कळावा म्हणून दोरी धरायची, शेवटची होडी धक्क्याला लागेपर्यंत सोडायची नाही. बाबा गेले त्या दिवशीही मीच वाजवत होते. त्यांची बिघडलेली होडी ओढून आणायला अ‍ॅम्ब्रोज गेला होता. तो एकटाच आला, मागे कापलेली दोरी लोंबत होती. "कापली नसती तर दोघंही गेलो असतो," एवढंच म्हणाला. तेव्हापासून घंटेच्या दोन ठोक्यांच्या मधे मला वल्ह्यांचा आवाज येतो. कुणाला सांगितलं नाही. ड्रुसिला म्हणेल, हिचं डोकं फिरलं.

परवा दुपारी धुकं आलं. सगळ्या होड्या परतल्या, फक्त अ‍ॅम्ब्रोजची राहिली. तिच्या इंजिनाची पुकपुक खडकांच्या बाजूने येत होती, म्हणजे तो पार भरकटला होता. आणि माझे हात दोरीवरून खाली आले. मला काही करायचंच नव्हतं रे, नुसतं थांबायचं होतं. कुणी विचारलं असतं तर दम लागला म्हणाले असते. ते किती गोड वाटलं, तुला कसं सांगू!

मग माझी मलाच भीती वाटली. गुडघे टेकले, प्रार्थना सुरू केली, आणि 'आम्हाला मोहात पडू देऊ नकोस' इथे जीभ अडली. मला सुटायचंच नव्हतं ना त्यातून! शेवटी म्हटलं, प्रभू, त्याच्यासाठी माझ्याकडे एक चांगला शब्द नाही. मी गप्प बसते, तू बोल.

घंटा बंद होती, तरी वल्ही ऐकू आली. जवळ यायची, थांबायची, पुन्हा दूर जायची. कुणीतरी किनारा शोधत होतं. घंटा काही एकट्या तुझ्या बाबांसाठी वाजवता येत नाही, वाजवली की ती अ‍ॅम्ब्रोजलाही ऐकू जाणार. मी उठले आणि तळवे सोलवटेपर्यंत वाजवली.

अ‍ॅम्ब्रोज आला, ओलाचिंब, चर्चच्या पायरीवर बसला. वर न बघता म्हणाला, "मधेच थांबली होतीस तू, मार्था." मी म्हटलं, "हो." तो रडायला लागला. मी त्याला चहा करून दिला. माफ केलं का, विचारू नकोस. त्याचं बळ रोज मागते, रोज थोडं मिळतं.

तू का येतोयस ते मी त्याला सांगितलंय, बंदुकीचंही. तो म्हणाला, "पोराच्या होडीची दोरी मीच धरणार." धक्क्यावर उभा असेल तो. बंदूक तिकडेच ठेवून ये, बाळा. आणलीसच, तरी धुकं असेल तर घंटा मी वाजवणारच. फक्त उतरण्याआधी थोडा वेळ गप्प राहा आणि ऐक. बाबांची वल्ही तुलाही ऐकू येतील.

तुझीच,
आई