मीठ ओलं, गोणपाट कोरडं

आबा,

मेलेल्या कोंबड्यांसमोर उभं राहून तुम्ही म्हणालात, "माझंच चुकलं, सांगायचं राहिलं," आणि मी गप्प राहिलो, त्या घटकेला माझं सगळं बदललं. चीनच्या लढाईआधीचा तो उन्हाळा. तुम्हाला जाऊन सात वर्षं होत आली, पण अजून शेडात पाय ठेवला की आधी तुमचं ते वाक्य ऐकू येतं, कोंबड्यांचा आवाज मागनं.

सांगलीचं कॉलेज अर्ध्यात सोडून मी इस्लामपूरला आलो होतो. कॉलेजातली एक मुलगी मनात भरली होती. तिच्यावरनं एकजण वेडंवाकडं बोलला, मी त्याच्या कानाखाली वाजवली, आणि कॉलेजनं काढायच्या आत मीच निघालो. तुम्ही पलटणीतला माणूस, वाटलं पट्टाच काढाल. तुम्ही नुसतं म्हणालात, "कालेज सोडलं ते सोडलं, सायेब. आता कोंबड्यांवर तरी हात टाकू नका," आणि पत्र्याचं शेड माझ्या ताब्यात दिलंत. कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकते तेवढीच तिची ऊब बाहेर जायची वाट, हे तुम्हीच शिकवलंत. चैत्राच्या कोरड्या उन्हात आपण गोणपाटाचे पडदे भिजवायचो, वारा गार होऊन आत यायचा. पण त्याआधी रोज तुम्ही स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीत बोट घालायचात. आई ओरडते, "आवं, हात तरी धुवा!" तुम्ही बोट चोळून बघताय. मीठ चिकटलं की हुकूम ठरलेला : मीठ ओलं, गोणपाट कोरडं. हवेतच ओल भरली की धापेनं काही निभत नाही, वर आणखी पाणी कशाला? तशा दिवसांत अंडी बोटानं दबतील इतक्या पातळ कवचाची पडायची. दिवसभर शेडात थांबायचं, पडदे गुंडाळून वर ठेवायचे, प्यायचं पाणी सारखं बदलायचं.

त्या दिवशी ढग भरून आले होते, पान हलत नव्हतं. तुम्ही खाद्य आणायला मलकापूरला गेला होता. कॉलेजातल्या त्या मुलीला पाचगणीच्या शाळेत नोकरी लागली होती, आणि तिची एसटी दुपारी आपल्या स्टँडवर दहा मिनिटं थांबणार होती. मला शेडात थांबायचं नव्हतं. तेवढा वेळ भागेल म्हणून बादल्यांवर बादल्या मारून पडदे चिंब केले, खाली सोडले आणि पळालो. खिडकीतनं ती हसली, "कोंबड्यांचा वास येतोय रे तुला." मग हळूच म्हणाली, "कॉलेजला परत जा." एवढंच. गाडी गेली तरी मी तिथंच उभा.

परत आलो तर निम्म्या कोंबड्या पंख पसरून, चोची उघड्या टाकून पडलेल्या. आतली हवा न्हाणीघरासारखी. तुम्ही आलात, पडदे ओढून काढलेत, माझ्याकडं बघितलंत आणि ते वाक्य बोललात. त्यानंतर तुम्ही टॉवेलाला गाठी मारायला लागलात, विसरू नये म्हणून. एकच गोष्ट तीनतीनदा विचारायचात. दसऱ्याला शेडाची किल्ली माझ्या हातात दिलीत, "तूच बघ रं आता. माझं डोकं न्हाई चालत." मी किल्ली घेतली. थंडीत तुम्ही गेलात.

आबा, तुमचं डोकं चांगलं होतं. त्या सकाळी उंबऱ्यात चपला घालता घालता तुम्ही सांगितलं होतं, "मीठ वलं हाय रं, पाणी मारू नगंस." मी ऐकलं होतं. "व्हय" पण म्हटलं होतं.

आजही मीठ बोटाला चिकटतंय. तुमचा टॉवेल पेटीत आहे, गाठींसकट. त्यातली एक आज सोडीन म्हणतो. हा कागद बरणीखाली ठेवतो, पाठवणार कुठं? पडदे वर करायला हवेत. निघतो, दार लोटून घेतो.