पूल पार करून देणारी

४ ऑक्टोबर, सोमवार

आज गिऱ्हाईकाने मला चावा घेतला! खराखुरा. मनगटावर दात उमटलेत.

माणूस कसला, कपाट! धंदा बांधकामाचा — म्हणजे स्वतः इमले उठवतो आणि पुलाला घाबरतो. मधोमध आलो आणि खालून मालगाडी गेली. पूल जरासा थरथरला. तो थरथरतोच. याने माझा गिअरवरचा हात उचलला आणि थेट तोंडात! पलीकडे उतरल्यावर "ताई, चुकलं हो, लहानपणापासून घाबरलो की असंच होतं" म्हणत रडायला लागला. याच्या बायकोचं कसं होत असेल, देव जाणे.

लोकांना वाटतं, पूल म्हणजे काय, गाडी घातली की पलीकडे. पण काहींचं तिथेच घोडं अडतं. पाय गोठतात, हात स्टिअरिंगला चिकटतात. म्हणून आम्ही. त्यांची गाडी आम्ही चालवायची, त्यांनी शेजारी बसून डोळे मिटायचे आणि देवाला कामाला लावायचं. नऊ किलोमीटर. वर रस्ता, खाली रेल्वे, त्याखाली समुद्र. पलीकडे बेट.

चाव्याचा भत्ता मिळतो का, विचारायला हवं.

६ ऑक्टोबर, बुधवार

आमच्या साहेबांना आपला पूल जगात पहिला हवाय. टोलनाक्यावर नवा बोर्ड लावलाय — 'जगातील सर्वात लांब' एवढं मोठ्ठं, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'बेटाला जोडणाऱ्या, वर रस्ता व खाली रेल्वे असलेल्या, एका वळणाच्या पुलांपैकी एक'. या हिशोबाने मीही जगातली सर्वात सुंदर बाई. आमच्या केबिनमधली. सकाळच्या पाळीतली.

चीनमध्ये रेल्वेचा एक पूल एकशे चौसष्ट किलोमीटरचा आहे. थायलंडमधला रस्त्याचा पूल पन्नासच्या वर. त्यांच्यापुढे आपले नऊ म्हणजे किस झाड की पत्ती. गिऱ्हाईकांना मी हेच सांगत सुटते. आकडे ऐकताना माणूस थोडा वेळ घाबरायचं विसरतो. आजच्या शिक्षिकाबाई मात्र म्हणाल्या, "एकशे चौसष्ट? आणि मध्येच उतरावंसं वाटलं तर?" झालं! उरलेला सगळा वेळ बाई त्या चीनच्या पुलावर घाबरत होत्या. आपला कधी संपला, त्यांना कळलंच नाही.

९ ऑक्टोबर, शनिवार

घरात पुन्हा तेच. दादा.

पूल नव्हता तेव्हा दादा बेटावरून दर महिन्याला लाँचने यायचा. उलट्या करत यायचा, पण यायचा. पूल झाला, लाँच बंद पडली, आणि तीन वर्षं झाली — दादाचा पत्ता नाही. वहिनी पोरांना घेऊन येते, "ह्यांना सुट्टीच नाही हो" म्हणते आणि स्वतःच्या नखांकडे बघत बसते. आईचं एकच पालुपद: "पूल झाला आणि माझा मुलगा गेला."

"मग तू जा की त्याच्याकडे. मी नेते," म्हटलं.

"मी का जाऊ? आईने जाऊन पोराच्या दारात उभं राहायचं? मोठे दिवे लावलेत त्याने!"

दोन महिने झाले, त्याच्या फोनलाही ती येत नाही. आता सव्वीसला तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. आज जेवताना शांतपणे म्हणाली, "त्या दिवशी आला नाही, तर मला एकच मूल आहे असं समजेन." आई ओरडते तेव्हा काळजी नसते. ती शांतपणे बोलली की धडकी भरते. शेजारणीशी एकदा अबोला धरला होता, तो शेजारीण घर विकून गेली तेव्हाच संपला.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

मिशीचा फोन. मिशी म्हणजे बेटाकडच्या केबिनवरचा आमचा ड्रायव्हर. त्याच्याकडे एक कायमचं गिऱ्हाईक आहे, त्याचं नाव त्याने 'यू-टर्न' ठेवलंय. दर महिन्याला येतो, इस्त्रीचे कपडे घालून, मागे फळांची पिशवी. मिशी गाडी काढतो. पहिल्या दिव्याच्या खांबापर्यंत जातो — तिथे दुरुस्तीच्या गाड्यांना वळायला जागा आहे, त्यानंतर गाडी मागे फिरवणं नाहीच. तिथे आला की "वळवा." दर वेळी! आज तर खांब यायच्या आधीच म्हणाला म्हणे.

"फळं खाल्ली का रे तुम्ही?" मी विचारलं.

"मलाच देऊन जातो," मिशी म्हणाला. "माझं वजन वाढलं त्याच्यामुळे."

हसून हसून पोट दुखलं. घरी आईलाही नक्कल करून दाखवली. ती हसली नाही. "लोकांच्या भीतीला हसू नये," म्हणे! हे कोण बोलतंय? लहानपणी पालीला घाबरलो म्हणून आम्हाला "शेळ्या निपजल्या माझ्या पोटी" म्हणणारी बाई!

१३ ऑक्टोबर, बुधवार

दादाला फोन केला आणि झाडला. "सव्वीसला ये. नाहीतर आई तुला कायमचा पुसून टाकेल."

"बघतो."

"काय बघतोस? वीस मिनिटांचं काम आहे रे!"

"तुझ्यासाठी," म्हणाला आणि ठेवलाच. एवढा कसला माज?

१७ ऑक्टोबर, रविवार

मिशीची दाढ सुजली. त्याच्या जागी आज बेटावर मी.

दुपारी एक गिऱ्हाईक आलं. निळी गाडी, इस्त्रीचा शर्ट, मागच्या सीटवर पिशवी. मनात म्हटलं, आले यू-टर्न महाराज, या महिन्यात दुसऱ्यांदा! हसू दाबत दार उघडलं.

दादा.

"आज तो मिशीवाला नाही का?" एवढंच त्याला सुचलं. मी गाडीत बसले. चावी लावली. तो शेजारी. एरवी माझी टकळी थांबत नाही, आज एक आकडा तोंडातून निघेना. खांब दिसायला लागला तसा त्याचा श्वास ऐकू यायला लागला. दादाचा! मला सायकल शिकवणाऱ्या, विहिरीत वरून उडी मारणाऱ्या माझ्या दादाचा. शर्ट छातीला चिकटलेला.

"वळव," म्हणाला. "वळव ना गं."

एकदा वाटलं, हाणावी तशीच पुढे. पण ज्याला फसवून पलीकडे नेलं, तो पुन्हा पुलाजवळ फिरकत नाही. हे मी रोज बघते. वळवली.

केबिनमागे बसून दोघांनी फळं खाल्ली. लाँचवर फक्त पोट ढवळायचं, म्हणाला, पण पाणी हाताशी असायचं. इथे ते एवढं खाली दिसलं की आपण गाडीसकट पडतोय असंच वाटतं. रेल्वेने तर दुप्पट. खालचा गर्डर उघडा, फटींतून समुद्र.

"आईला सांगू?"

"खबरदार! तिला वाटू दे मी नालायक आहे. भित्रा नको वाटायला."

शपथ घातली. मूर्ख कुठला. आणि मी? आठवडाभर त्याच्या नकला करतेय. जोड्याने मारलं पाहिजे मला.

१८ ऑक्टोबर, सोमवार

झोपेची गोळी. डोळ्यांवर पट्टी. डिकी. — दादाने तिन्हीला नकार दिला. डिकीला तर फोनवर शिवी दिली.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

माझी पाळी बदलून पुन्हा बेटावर. दादाला बोलावलं. आज खांबापाशी थांबले, इंजिन चालू ठेवून. चीन, थायलंड, जे सुचेल ते. एकशे चौसष्ट सांगितल्यावर म्हणाला, "तिकडच्यांच्या आया कुठे राहतात गं?" हसला. मग खालून पॅसेंजर गेली आणि तो दाराचं हँडल शोधायला लागला. वळवली. रडत होता. मीही.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

आईने हॉस्पिटलची पिशवी भरली. टॉवेल, गाऊन, ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. मग भिंतीवरचा दादाचा फोटो काढून कपाटात टाकला. "सव्वीसपर्यंत थांब ना," मी म्हटलं. "तो यायचा नाही, कळलंय मला," म्हणाली. माझ्या जिभेच्या टोकावर होतं. गिळलं.

२४ ऑक्टोबर, रविवार

शपथ मोडली. दादा मारेल तर मारो. आईला सगळं सांगितलं — इस्त्रीचा शर्ट, फळं, दर महिन्याचं 'वळवा'. वाटलं, आता 'शेळी' ऐकायला मिळणार.

ती म्हणाली, "गेल्या वर्षी तू कामावर असताना मी टॅक्सी केली होती. त्याच्याकडे जायला. टोलनाक्यापाशीच उतरले. चालत घरी आले."

मी तिच्याजवळ सरकून बसले.

"कुठवर येतो म्हणालीस?"

"पहिल्या खांबापर्यंत."

आईने पदराने डोळे पुसले. "पहिल्या खांबापर्यंत? माझ्यापेक्षा धीट निघाला गं!"