येळवणी आणि लाव्हा

ती. अण्णा,

इटलीहून शिवकन्याचा नमस्कार. मी बरी आहे. खोली हवेशीर आहे, ज्वारीचं पीठ अजून पुरतंय. फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहितेय.

आमचं काम एका जुन्या ज्वालामुखीवर चालू आहे. इथल्या लाव्ह्यात पोटॅश लई. आपण द्राक्षाला टाकतो तेच. ते आलं कुठून, तर समुद्राच्या तळाचा गाळ जमिनीच्या पोटात खोल ओढला गेला. तिथं तापून त्यातून पाणी आणि वितळलेला रस सुटला. त्याच्याबरोबर पोटॅश निघालं आणि वरच्या खडकात मुरलं. पुढं तो खडक वितळला, त्याचा हा लाव्हा. गाळ खालीच राहिला, पोटॅश रसाबरोबर गेलं.

माय सांगत होती, किडनीच्या डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलं म्हणून पोळ्याला तुम्ही पुरणपोळी सोडली आणि येळवणीच्या आमटीवर भागवलं. पातळच तर आहे, म्हणून वाट्यावर वाट्या प्यायलात. अण्णा, डाळ शिजताना तिच्यातलं पोटॅशियम, म्हणजे हेच पोटॅश, त्या येळवणीच्या पाण्यातच उतरतं. जे टाकायचं तेच तुम्ही प्यायलात.

इथून पुढं येळवणी म्हशीला द्या. तिची किडनी चांगली आहे.

पायाची सूज उतरली का? रक्त परत तपासलं का?

माझ्या खडकांना हे सगळं व्हायला लाखो वर्षं लागली, म्हणून मी त्यांच्याकडं सावकाश बघते. तुमच्याकडं तसं बघणं मला जमत न्हाय.

तुमची थोरली,
शिवकन्या