बाबांनी बदललेली सीट

देवास, शुक्रवार, संध्याकाळ

संताप उतरत नाही. परवा सायकलने धारला जायचंय आणि बाबांनी मला न विचारता सीट बदलून आणली. रुंद, गुबगुबीत. जुनी दुकानातच ठेवून आले. दुकानदार म्हणे, "काकासाब, लेडीज को तो चौड़ी ही जमेगी।"

माझी अरुंद आणि कडक होती. पुठ्ठ्यावर बसून, बुडाच्या हाडांच्या उमटलेल्या खुणांमधलं अंतर मोजून निवडलेली. मऊ सीटवर लांब पल्ल्यात मांड्या सोलवटतात.

"तुला टोचत असेल, म्हणून गं," बाबा म्हणाले.

टोचतं का, हे मला विचारता आलं नसतं? मी शेजारच्या खोलीत तर होते.

उद्या सीट परत आणणार. बाबा सोबत येतो म्हणाले. या, पण बोलणार मी. पुठ्ठाही नेणार. आधी त्यावर त्या दुकानदार भियालाच बसवीन.