तोलोमुशला आठवण्याची संध्याकाळ

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून शिस्त. म्युझियमच्या कार्यक्रम विभागाचा प्रमुख मी, आणि विभागही मीच. निर्णयाला वेळ लागत नाही. डायरेक्टर कुलिपा असानोव्ना म्हणाल्या, मुकाश, चित्रकार तोलोमुश-आके ब्याऐंशीचे झाले. महिनाअखेरीला त्यांचं प्रदर्शन लावा आणि त्यांना स्वतःच्या चित्रांसमोर आणून उभं करा. आहेत तोवर. तुम्हाला एवढं एकच काम. म्हटलं, झालंच समजा. उद्याच वर डोंगरात त्यांच्या गावी जाऊन आमंत्रण देतो. चाळीस किलोमीटर म्हणजे काय!

४ फेब्रुवारी
बर्फ. उद्या.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
फिल्म शो: मेंढपाळांवर माहितीपट. प्रेक्षक पाच. मी, प्रोजेक्टरवाला, दालन राखणाऱ्या म्हाताऱ्या बुर्मा-एजे आणि रेडिएटरपाशी शेकायला आलेले दोघे. मांजर धरलं नाही. गेल्या शुक्रवारी चार होते, म्हणजे पंचवीस टक्के वाढ! एजे मोजे विणता विणता म्हणाल्या, अरे, मेंढरं बघायला इथे कशाला कोण येतंय, खिडकीतून दिसतात की. कलेची जाणच नाही.

१२ फेब्रुवारी
गाडीचं विचारलं. ड्रायव्हर भावाच्या लग्नाला गेलाय. असो, तोलोमुश-आके कुठे पळून जातायत? जेवून झोपलो. हल्ली झोप छान लागते. उठल्यावरसुद्धा.

१८ फेब्रुवारी
तळघरातून बावीस चित्रं वर काढली. बऱ्याच चित्रांवर सही नाही. पण डोंगर आहेत, घोडे आहेत. आमच्या नारिन शहरात दुसरं कोण काढणार? सगळ्यांखाली 'तोलोमुश' अशी चिठ्ठी डकवली. आमंत्रणाला जाईन तेव्हा खात्री करून घेईन. एका फेरीत दोन कामं.

२१ फेब्रुवारी
पोस्टर तयार. 'रेट्रोस्पेक्टिव्ह', म्हणजे चित्रकाराच्या आजवरच्या कामावर नजर, हा शब्द कुणाच्या बापाला कळणार? मी साध्या किरगिझमध्ये लिहिलं: तोलोमुशला आठवण्याची संध्याकाळ. फोटो उठून दिसावा म्हणून भोवती काळी चौकट. सुटसुटीत झालंय.

२७ फेब्रुवारी
आज जाणारच होतो, पण दिवस खुर्च्या लावण्यात गेला. फोन केला, वर रेंज नाही. प्रयत्न केला, हे महत्त्वाचं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
विक्रम! दोनशे अकरा!! साडेतीनपासूनच रीघ. पुरुष फाटकापासून हंबरडा फोडत आत आले. बायका भिंतीकडे तोंड करून शोकगीतं म्हणायला बसल्या. इतका परिणाम मलाही अपेक्षित नव्हता. मागच्या अंगणात कुणी मेंढी कापली, कढई चढली. एका म्हाताऱ्याने माझे हात धरले, म्हणाला, धीर धर बाबा. धरला.

मग बुर्मा-एजे कानाशी आल्या. अरे शहाण्या, लोकांना वाटतंय आके गेले! काळी चौकट कुणाला घालतात, कळत नाही तुला? तेव्हाच खुलासा करायला हवा होता. पण दोनशे माणसांना घरी जा कसं म्हणायचं?

पाच वाजता मिनीबसमधून तोलोमुश-आके स्वतः उतरले. आपण वारल्याचं त्यांना मिनीबसच्या ड्रायव्हरने सांगितलं, म्हणून बघायला आले होते. आधी किंचाळ्या, मग हशा. मग कुणीतरी म्हणालं, आता मटण शिजलंच आहे. आके मानाच्या जागी बसून स्वतःच्याच मयताचं जेवण पोटभर जेवले.

जेवण झाल्यावर काठी टेकत सगळी चित्रं पाहिली. म्हणाले, छान लावलीस. फक्त यातली चार माझी नाहीत, जाकिपची आहेत. माझ्याबरोबर काढायचा, तरुणपणीच गेला. त्याला ओळखणारा मी एकटाच उरलोय, तेव्हा त्याचं नाव नीट लिही. कोणती चार, विचारलं. म्हणाले, आता अंधारलंय, डोळे साथ देत नाहीत. फोटो घेऊन वर ये, दाखवतो. म्हटलं, मंगळवारी नक्की.

४ मार्च, मंगळवार
बर्फ.

११ मार्च
फोटो छापायला घेतले. अकरा झाल्यावर शाई संपली. निम्मं काम झालं म्हणायचं.

२१ मार्च
नौरुझ. सणासुदीला कामाचं बोलू नये.

२ एप्रिल
रस्ता मोकळा. गाडी आहे. ड्रायव्हर आहे. शाईसुद्धा आली. निघण्यापूर्वी जरा आडवा झालो. उठलो तेव्हा पाच वाजले होते.

८ एप्रिल
आके काल गेले. या वेळी खरंच. बुर्मा-एजेंनी सांगितलं. मला काही वाटलं नाही. रेडिएटरवर हात ठेवून उभा राहिलो. तो बंद आहे, हे बऱ्याच वेळाने कळलं.

११ एप्रिल, शुक्रवार
श्रद्धांजलीची संध्याकाळ. तेच पोस्टर, तीच चौकट; आता काही चूक नाही. खुर्च्या दोनशे पन्नास. प्रेक्षक तीन, मला धरून. बाजारात विचारलं तर सगळ्यांचं एकच: अरे मुकाश, त्यांचं तर जेवलो ना आपण तुझ्याकडे! एका माणसाचं म्युझियममध्ये किती वेळा करायचं?

बुर्मा-एजेंना विचारलं, तुम्ही अठ्ठावीस वर्षं इथे दालन राखताय, या चित्रांतली कोणती चार वेगळी वाटतात? एजेंनी विणकाम थांबवलं. म्हणाल्या, मी चित्रांकडे पाठ करून बसते रे. लक्ष माणसांवर ठेवायचं असतं.

'जाकिप' नावाच्या चार चिठ्ठ्या टाइप करून ठेवल्यात. माझ्या बाजूने काम पूर्ण. कुठे लावायच्या, ते उद्या बघू.