तिच्या तोंडी त्यांचं नाव

मंगळवार, दिवेलागणीला

आमचे हे आज पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून नांदेडला गेले. चौथा मंगळवार हा. मोबाईल घरीच विसरले. मी बाळाला पाजून राहिले होते, तर वाजला. बाई बोलली, "संतोष निघाले का?"

नुसतं संतोष! मी ते नाव लग्नात उखाण्यात घेतलं, पुन्हा कधीच न्हाई. अन् हिच्या तोंडात कसं गुळावानी. मी म्हणलं, "कोण गं तू, भवाने?" तर म्हणे, "दवाखान्यातून सिस्टर बोलते." मला खोटंच वाटलं. बाळ झाल्यापासून हे जवळ येईनात ते हिच्यापायीच. आता लेकराला घेऊन निलंग्याला माहेरी जायची पाळी येते का काय, ह्याच भ्यावानं दिवस गेला.

हे आले तशी मी भांडले. हे मान खाली घालून म्हणले,

"तसलं काही न्हाई गं. मला जमंनाच झालंय, म्हणून जवळ येत न्हाई. त्या दवाखान्यात मशीननं खाली ठोके देतात, तिथं रक्त खेळावं म्हणून. शॉकवेव्ह म्हणतात."

"शॉक? अगं माय!"

"करंट न्हाई, नुसते ठोके. फरक पडंलच असं डॉक्टरबी म्हणत न्हाई."

जीव भांड्यात पडला, पण जळणं जाईना. तिला आधी कळलं, मला न्हाई. मी काय हसले असते?

मग म्हणलंच, "संतोष, पुढच्या मंगळवारी मी बी येते."

आधी दचकले. मग हसले, लई दिवसांनी. माझी जीभ भाजल्यावानी झाली. अजून लिहून राहिले, तरी ते नाव तोंडातच हाय.