मागच्या खोलीतलं केशर

प्रिय करण,

पाकीट घेऊन जे गृहस्थ आलेत त्यांना आधी आत घे आणि पाणी विचार. हिंदुराव त्यांचं नाव. बदलापूरहून घोटीपर्यंत ते केवळ तुझ्यासाठी आलेत आणि वयाने आपल्या बाबांच्या बरोबरीचे आहेत, तेव्हा दारात ताटकळत ठेवू नकोस. कुरियर केलं असतं, पण ते वेळेवर पोहोचेल याचा भरवसा नव्हता, आणि यंदाची राखी तुझ्या हातावर बांधली गेलीच पाहिजे असा माझा हट्ट होता. डब्यात नारळाच्या वड्या आहेत. एक खा, मग पुढचं वाच. त्यात केशर घातलंय, खरं केशर. उल्हासनगरला कॅम्पात जाऊन आणलं. दुकानदाराने चिमट्याने काडी काडी उचलून डबीत टाकली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की केशर दिसतं कसं. घरात एवढी केशराची शेती झाली, पण ते बघायचं राहूनच गेलं होतं.

राखी ज्या पिशवीत आहे ती ओळखलीस का? बाहेरून काळी, आतून चंदेरी. गाडीच्या कव्हरचं ते कापड तूच आणलं होतंस, टेम्पोत घालून, आणि माझ्या शिलाई मशीनवर त्याचा तंबू शिवून घेतला होतास. केवढा त्रास दिला होता त्या कापडाने! सुया मोडत होत्या, आणि तू शेजारी बसून चेन कुठे लावायची ते दाखवत होतास. चेन नीट बसली पाहिजे ताई, उजेडाची एक रेघसुद्धा आत जायला नको, केशर फार नाजूक असतं, असं म्हणाला होतास. मी दुहेरी शिवण घातली. तंबू पोलिसांनी नेला, पण एक तुकडा मशीनच्या खणात उरला होता. वाया कशाला घालवायचा म्हणून तुझ्यासाठी पिशवी शिवली. चेन मुद्दाम लावली आहे.

तू आमच्याकडे आलास तेव्हा गणपती होऊन गेले होते. जीन्सच्या कारखान्यातली तुझी नोकरी सुटली होती, गावात आई-बाबांच्या डोळ्यासमोर बसून राहायची लाज वाटत होती, आणि मोबाइलवर तू मला एक व्हिडिओ दाखवलास. कुठल्याशा गावातला माणूस बंद खोलीत केशर पिकवत होता. मला काय कळणार? आपण बारवी धरणाच्या कडेची भात लावणारी माणसं, केशराचं रोप आपल्यापैकी कुणी पाहिलं होतं? महेशना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, पोरगं काही करू म्हणतंय ना, करू दे. मागची खोली सासूबाई गेल्यापासून रिकामीच होती. त्यांचा फोटो आम्ही हॉलमध्ये आणला, पलंग मोडून ठेवला आणि खोली तुला दिली. आम्हाला मूलबाळ नाही, घरात लाड करायला तूच एक होतास. विजेचा लोड वाढवून घ्यायला महेश कंपनीतून अर्धी रजा काढून गेले आणि आपल्या नावाने सही करून आले. बेलवलीत आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा सगळ्यांना माहीत झालं की निशाचा भाऊ शेतकी शास्त्रज्ञ झालाय.

तू खोली कशी मांडलीस ते मी चहाचा कप घेऊन दारातून बघायचे. जांभळट दिवे, तारेवर टांगलेले पंखे, नारळाच्या भुश्शाने भरलेल्या कुंड्या, तापमान दाखवणारं यंत्र, आणि खिडकीकडे जाणारा तो जाडा चंदेरी पाइप. त्या पाइपाला कोळशाचा डबा कशाला, असं मी विचारलं तर म्हणालास, केशराला शुद्ध हवा लागते. खोट्या बोलण्यातही तुझी हुशारी दिसते रे. रोपं जरा वर आली तसा तू दाराला कुलूप घातलंस आणि किल्ली स्वतःकडे ठेवलीस. उजेड-वारा बिघडतो म्हणालास. महेशनी त्या कुलपाकडे पुन्हा बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्याचं बंद दार उघडायचं नाही, हा त्यांचा स्वभाव तुला चांगला ठाऊक होता.

मला राहून राहून कोंडाजीकाकांचं होडकं आठवतं. तू एवढासा होतास. धरणाच्या काठाला बांधलेला दोर तू सोडलास, होडकं गेलं पाण्यात लांब, आणि काका ओरडत आले तेव्हा तू माझ्याकडे बोट दाखवलंस. बाबांनी मला ओल्या फोकाने मारलं. तू झाडाखाली करवंदं खात उभा होतास. रात्री माझ्या कुशीत शिरून तू रडलास म्हणून मी ते हसण्यावारी नेलं. पुढे सगळ्या लग्नाकार्यांत ती गोष्ट मीच रंगवून सांगायचे, आमचा करण कसा लबाड म्हणून. आता कोणी सांगायला लागलं तर मी उठून जाते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांना वाण काय लुटायचं यावर आमच्या बिल्डिंगमध्ये दरवर्षी चुरस लागते. कोणी प्लास्टिकचे डबे देतं, कोणी स्टीलच्या वाट्या. यंदा मी फुशारकीने सांगून टाकलं की आमच्याकडे चिमूट चिमूट केशर, घरचं. तू म्हणाला होतास, ताई, फुलं आलीत, आता थोडेच दिवस. मग काय, आजवर कधी न आलेल्या बायकाही काळ्या साड्या नेसून आल्या. तू त्या दिवशी बाहेर होतास, केशर काही मिळालं नव्हतं, आणि सकाळी तुझी पँट धुवायला काढली तर खिशात किल्ली. बायका म्हणाल्या, वाण नंतर दे, निदान शेती तरी दाखव. मी कुलूप काढलं. तंबूची चेन माझ्याच हाताने ओढली.

काय शोभा होती करण! कमरेएवढी झाडं, हिरवीगार, शेंड्यांना गेंद धरलेले. तळमजल्यावरच्या कौसाबाईंनी नाकाला पदर लावून विचारलं, केशराला असा वास येतो होय गं? आणि स्वतःच उत्तर दिलं, कच्चं असताना येत असेल. मग त्यांनी करंडा पुढे घेऊन पहिल्या झाडाला हळदकुंकू वाहिलं, घरची लक्ष्मी म्हणून. त्यांचं बघून सगळ्यांनी वाहिलं. तिसऱ्या मजल्यावरची रिद्धी मोबाइल धरून फिरत होती आणि मी तिच्यापुढे नाक वर करून बोलत होते, हे बघा आमच्या करणने पिकवलेलं केशर, अख्ख्या बदलापुरात दुसरं नाही. तिने त्याचं रील तिथल्या तिथे इन्स्टावर टाकलं. तिळगूळ संपायच्या आत खाली लोकांनी लिहायला सुरुवात केली होती. काकू केशर कसलं, हा तर गांजा, काकू पत्ता द्या, काकू तुमच्या हातची बिर्याणी खायला येऊ का. रिद्धी मला वाचून दाखवत होती आणि तिचा स्वतःचाच चेहरा उतरत चालला होता.

ते तूही पाहिलंस, माझ्याही आधी. आणि पाहिल्यावर तू काय केलंस? मला फोन केला नाहीस. पळून जायचं तर निमूट पळून जायचंस. तू महेशना फोन केलास. ते अंबरनाथला पाळी संपवून गेटबाहेर पडत होते. भावजी, खोलीत शॉर्टसर्किट झालंय, झाडं आधी बाहेर काढून जिन्यात ठेवा, नाहीतर सगळी मेहनत जळून जाईल, मी पोहोचतोच. असंच म्हणालास ना? शब्द न् शब्द त्यांनी मला सांगितलाय. ते धावत घरी आले. मी स्वयंपाकघरात रिद्धीच्या आईशी भांडत होते, त्यांना काही बोलायलाही सवड मिळाली नाही. पोलीस जिना चढून वर आले तेव्हा महेश दोन्ही काखांत एकेक कुंडी घेऊन खाली उतरत होते, आणि झाडांच्या पानांना बायकांचं हळदकुंकू लागलेलं होतं. साहेब, जरा बाजूला व्हा, आग लागेल, असं ते त्यांनाच सांगत होते.

आग नव्हती. धूरही नव्हता. तुला फक्त कोणाच्या तरी हातात ती झाडं द्यायची होती. घर त्यांचं, मीटर त्यांच्या नावावर, कुंड्या त्यांच्या काखेत. तू पळालास ते एका परीने मी समजू शकते, माणूस घाबरतो. पण हा फोन तू घाबरून केला नाहीस, डोकं शांत ठेवून केलास. याची मी तुला कधीच माफी देणार नाही, आणि तशी इच्छाही मला होत नाही.

रीलमध्ये आवाज माझा होता, तेव्हा पोलीस आधी माझ्याकडेच वळले. महेश मध्ये आले आणि म्हणाले, हिला काही माहीत नाही, खोली माझी, किल्ली माझी, सगळं माझं. आयुष्यात खोटं न बोललेला माणूस पहिल्यांदा बोलला तो एवढं मोठं. म्हणून मी आज घरात बसून वड्या थापते आणि ते आधारवाडीच्या तुरुंगात आहेत. नोकरी गेली. त्यांच्या डोक्यात आता काळा केस शोधावा लागतो. वकील म्हणतात, ज्याने हे सगळं उभारलं तो समोर येत नाही तोवर सगळं यांच्याच डोक्यावर, आणि असल्या केसमध्ये जामीन सहजी होत नाही. भेटीला गेले की महेश तुळशीला पाणी घालतेस ना विचारतात, आणि मग प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी विचारतात, करण पोहोचला का? पोहोचतोच म्हणाला होता. त्यांना अजून वाटतं की तू वाटेत कुठेतरी अडकला आहेस. मी मान हलवते आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहते. तुझ्यावरचा राग तिथेच वाढवला मी, भेटीगणिक, तुझ्या त्या झाडांसारखा, अंधारात आणि जपून.

पोलिसांना तू सापडला नाहीस. फोन बंद, कार्ड मोडलेलं, नाव बदललेलं. तिकडे तुला सनी म्हणतात म्हणे. सगळ्यांच्या हातावर तुरी दिल्यास, मानलं तुला. पण राखी जवळ आली आणि तुला चैन पडेना. वाडीतल्या शेजारच्या बनूबाईच्या फोनवर तू आईला फोन केलास. ताईला सांग राखी पाठव, बिनराखीचा हात कसातरी वाटतो, हार्डवेअरच्या दुकानावरची खोली, सनीच्या नावाने. आईला कोण आनंद झाला! दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ती माझ्याकडे आली, पदराच्या गाठीतून पत्ता काढला आणि म्हणाली, निशे, पोराचा हात बोडका नको गं ऱ्हाया. राग काय तो सन झाल्याव धर. मी तिला जेवायला वाढलं, तिच्या केसांना तेल लावलं, पत्ता घेतला. तिने तो राखीसाठी दिला होता. मी तो राखीसाठीच वापरला आहे. तरी तिला कळेल त्या दिवसापासून मला वाडीचं दार बंद होईल, हे मला माहीत आहे. बाबा तर नावही घेणार नाहीत. त्याचं दुःख मला होणार आहे, आत्ताच होतंय, पण ते सोसून मी हे करते आहे.

राखी निळी घेतली, तुला आवडते तशी, मधे मोत्यांची. खूप दुकानं फिरले त्यासाठी. आता बघ, स्वतःच्या हातावर स्वतःला राखी बांधता येत नाही, दुसरं कोणीतरी लागतं. म्हणून हिंदुरावांना पाठवलंय. ते कुरियरवाले नाहीत आणि महेशचे मित्रही नाहीत. महेशना ज्या पोलीस ठाण्यात नेलं तिथले ते हवालदार आहेत, फक्त आज घरच्या कपड्यांत आहेत. भला माणूस आहे. मी त्यांच्याकडे एकच मागणं मागितलं होतं, की त्याला वडी खाऊ द्या आणि पत्र पुरतं वाचू द्या, आणि त्यांनी ते मान्य केलं, कारण खाली जिन्यात आणि मागच्या गल्लीत त्यांची माणसं उभी आहेत. तेव्हा खिडकीकडे बघू नकोस. उजवा हात पुढे कर. ते राखी बांधतील आणि बांधून झाल्यावर हात सोडणार नाहीत. पुढच्या भेटीत महेश जाळीपलीकडून विचारतील, करण पोहोचला का? या खेपेला मी त्यांना सांगणार आहे, हो, पोहोचला.

तुझीच,
ताई